आंब्यावर टाकलेलं जाळं

वनगुन्ह्याची फाईल आली की मी आधी पंचनाम्यातलं ठिकाण वाचतो. बाकी मजकूर ठरलेला: एक डोंगा म्हणजे छोटी नाव, दोन जाळी, इतके किलो मासे, दोन पंच. या वेळी ठिकाणापुढे फक्त 'तोतलाडोह जलाशय' होतं. पेंच नदीवरच्या धरणाचं, व्याघ्र प्रकल्पातलं बहात्तर चौरस किलोमीटरचं पाणी, मधून दोन राज्यांची हद्द, आणि जप्ती करणाऱ्याला अक्षांश-रेखांश टाकावेसे वाटले नाहीत!

नागपूरच्या माझ्या ऑफिसात म्हातारा गोंड पक्षकार पुतण्याला घेऊन बसला होता. विचारलं, "बाबाजी, जाळं नेमकं कुठं टाकलं होतं?"

"आमच्या आंब्यावर."

मग फाईलच्या पाठीवर त्यानं बोटानं बांध, विहीर, आंबा दाखवला. सगळं पाण्याखाली. पुतण्यानं धरण झाल्यावरच जन्म घेतलेला, तरी त्यालाही कोणाचं वावर कुठं ते पाठ होतं.

जुन्या खसऱ्याची, म्हणजे जमिनीच्या नोंदीची, नक्कल आणि गावनकाशा काढून मी तो गट आजच्या नकाशावर बसवला. दोन दिवस त्यात गेले, पण आंबा मध्य प्रदेशाच्या बाजूला निघाला. धरणासाठी जमीन घेतानाच्या भरपाईच्या निवाड्यात त्या झाडाची वेगळी किंमतही लावलेली आहे. जमीन, घर, झाड, सगळ्याचे पैसे. नदीतल्या माशांचे आणि उन्हाळ्यात वाळूवर लावायच्या डांगरवाडीचे, म्हणजे खरबूज-टरबुजाच्या वाडीचे, काहीच नाहीत, कारण ती वाळू सरकारची. घर चालायचं ते मात्र त्याच दोन गोष्टींवर. धरणावर वीजनिर्मितीचे 80-80 मेगावॅटचे दोन संच 1986-87 मध्ये सुरू झाले. दोन भाग वीज तिकडे मध्य प्रदेशाला, एक आपल्याकडे. नागपूरच्या नळालाही पेंचचंच पाणी येतं. भूसंपादनाच्या कायद्यानं या माणसांना फार स्वस्तात मोकळं केलं, असं माझं ठाम मत आहे.

1997 साली सुप्रीम कोर्टानं तिकडच्या विस्थापितांचे मासेमारीचे 305 परवाने अटी घालून कायम ठेवले. फोटोचं ओळखपत्र हवं, ठरलेल्या वाटेनंच जायचं, आग पेटवायची नाही. वाघाच्या जंगलात या अटी मला रास्त वाटतात. पण याचं कुटुंब तोवर मजुरीसाठी रामटेक तालुक्यात आलेलं होतं. यादीत नाव नाही.

म्हणजे जाळं महाराष्ट्राच्या हद्दीबाहेर होतं हा मुद्दा मी जिंकलो, तर तो बापाच्या शेतावर होता एवढंच सिद्ध होईल. तिथं जाळं टाकायचा हक्क त्याला तिकडेही नाही. बार असोसिएशनमधले वकील मित्र म्हणतात, तडजोड शुल्क भर आणि खटला मिटव. त्यांना डोंग्याचं काही वाटत नाही. वन्यजीव कायद्याच्या कलम 39 प्रमाणे जप्त डोंगा सरकारजमा होऊ शकतो, म्हणून सुपुर्दनाम्यावर, म्हणजे खटला संपेपर्यंत हमी देऊन, तो सोडवणं कठीण. मी अर्ज लावलाय. त्यावर अजून सुनावणी नाही, आणि म्हातारा पुतण्यासोबत दुसऱ्याच्या वावरात रोजानं जातो.