३, २, ४, ७, १०: नवी पेठेत पाठ झालेला पाढा

बार्शीहून सुटलेली यष्टी पानगाव, वैराग, वडाळा करत सोलापूरच्या स्टँडात शिरली तेव्हा साडेअकरा वाजून गेले होते. पुण्याहून आईला भेटायला बार्शीत आलो होतो. सोलापुरात काम म्हणावं असं काही नव्हतं. ‘चादर घेऊन येतो’ एवढंच घरी सांगून निघालो. जायचं होतं तिथल्या नवी पेठेत, पण पन्नाशीचा माणूस रेझिस्टन्स, म्हणजे वीज रोखून धरणारा बारका पार्ट, घ्यायला सत्तर किलोमीटर चाललाय, हे सांगायची लाज वाटली.

याच रस्त्यानं १९८९ साली पहिल्यांदा एकटा आलो होतो. नववीत होतो. रेल्वेनं यायचं तर आधी छोट्या गाडीनं कुर्डुवाडी, तिथून मोठी गाडी, त्यातच दिवस जायचा. म्हणून यष्टी. बार्शीत रेडिओ दुरुस्त करणारे होते, पण त्यांच्याकडं मिळायचे ते जुन्या सेटमधून उपटलेले पार्ट. नवा कोरा आयसी, म्हणजे आत अख्खं सर्किट असलेली काळी चिप, पाहिजे तर सोलापूरच. खिशात चाळीस रुपये आणि वहीच्या पानावर यादी: ठोके देणारा ५५५ आयसी एक, ठोक्यागणिक पुढचा दिवा लावणारा ४०१७ आयसी एक, लाल एलईडी दहा, रेझिस्टन्स ४७० ओहमचे आणि १ केचे (के म्हणजे हजार ओहम), वेग कमी-जास्त करायला १०० केचा प्रीसेट, १० मायक्रोफॅरडचा कंडेन्सर. आमच्या गल्लीच्या गणपतीपुढं पळते दिवे लावायचे होते. मोठी मंडळं तेव्हा मोटरवर फिरणारा ड्रम वापरायची. ड्रमवर पत्र्याच्या पट्ट्या, त्या फिरतील तसे दिवे लागत-विझत जायचे आणि सगळा वेळ खरखर आवाज. मला आवाज न करणारे दिवे हवे होते.

नवी पेठेतल्या एका बोळात ते दुकान होतं. रुंदीला दोन माणसं उभी राहतील एवढंच. आत काय आहे ते हाताळून बघायची सोय नव्हती. मध्ये लाकडी काउंटर, पलीकडं जमिनीपासून छतापर्यंत बारके खण, प्रत्येकावर चिकटपट्टीवर बॉलपेननं लिहिलेले आकडे. वास राळेचा आणि उदबत्तीचा. मालकांना सगळे अण्णा म्हणायचे. घरात तेलुगू, गिऱ्हाइकाशी मराठी, पलीकडच्या दुकानदाराशी कन्नड. सोलापुरात त्याचं कुणाला काही वाटत नाही.

“काय पायजे बे?”

मी यादी पुढं केली. त्यांनी ती हातात घेतली नाही. “वाचून दाखव.” नंतर कळलं, हीच त्यांची परीक्षा होती. नुसतं ‘रेझिस्टन्स द्या’ म्हटलं की ते गप्प बसायचे. व्हॅल्यू सांगा, किती वॉटचा ते सांगा, मग हात खणाकडं जायचा. मला ‘पाव वॉट’ म्हणता आलं आणि मी पास झालो. कागदी पट्टीवर ओळीनं चिकटवलेल्या पिवळ्या-जांभळ्या-तपकिरी रेघांच्या रेझिस्टन्सवरून अंगठा सरकवत ते मोजायला लागले, “ओकटी, रेंडु, मूडु, नालुगु...” दहावर आले की टर्रकन फाडलं. कुणाच्या तरी उत्तरपत्रिकेच्या कागदाची पुडी, तिच्यावर ‘४७०’. आयसी मात्र काळ्या स्पंजच्या तुकड्यात खोचून दिले, पाय वाकू नयेत म्हणून.

५५५ देताना त्यांनी गोष्टही सांगितली: आत पाच केचे तीन रेझिस्टन्स आहेत, म्हणून नाव पाच-पाच-पाच. पुढं कितीतरी वर्षांनी वाचलं, की १९७१ साली तो आयसी रचणारे हान्स कामेन्झिंड यांनीच सांगून ठेवलंय, आकडा सहज दिलेला होता. तीन रेझिस्टन्स आत आहेत हे मात्र खरं. मला अण्णांचीच गोष्ट जास्त आवडते.

घरी येऊन दोन रात्री बसलो. धाकट्या भावानं टॉर्च धरली, मी सोल्डरिंगचे डाग दिले. नऊ व्होल्टची बॅटरी जोडली आणि दिवे लागले. पण पळेनात. आधी तिसरा लागला, मग दुसरा, मग चौथा, एकदम सातवा, नववा, आणि तिथून उडी मारून पहिला. बेडकासारखे. भाऊ म्हणाला, “पिसाळलंय हे.” मी सगळे डाग पुन्हा दिले. पुन्हा तेच.

पंधरा दिवसांनी तो बोर्ड दप्तरात घालून परत सोलापूर. अण्णांनी बॅटरी लावून बघितलं आणि एवढे हसले, की शेजारच्या दुकानातून त्यांचा भाऊ आला. त्याला तेलुगूत काहीतरी सांगितलं, मग दोघं हसले.

“पायांच्या नंबरानं लावलास व्हय बे? एक, दोन, तीन, चार?”

तसंच लावलं होतं. एक नंबरचा पाय म्हणजे पहिला दिवा, यात चुकण्यासारखं काय आहे, असं वाटलं होतं. ४०१७ चे दहा आउटपुट पायांच्या क्रमानं बाहेर येत नाहीत. अण्णांनी एका रिकाम्या पुडीवर लिहिलं: ३, २, ४, ७, १०, १, ५, ६, ९, ११. “पाठ कर. पाढ्यासारखं.” मग दुकानातला सोल्डरिंग आयर्न माझ्या हातात दिला आणि बाहेरच्या पायरीवर बसवलं. गिऱ्हाइकं मला ओलांडून आत जात होती. तासाभरानं दिवे डावीकडून उजवीकडं पळाले. अण्णा पैसे मोजत होते, त्यांनी नुसती मान हलवली.

पुढं पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत पायपीट केली, मुंबईला लॅमिंग्टन रोडवर गेलो. माल तिथं दसपट, भावही कमी. पण पायरीवर कुणी बसवलं नाही. बसवायला पायरी मोकळी पाहिजे ना.

तर परवा. बोळ सापडायला वेळ लागला. मोबाइलची कव्हरं, एलईडी पट्ट्या, सीसीटीव्हीच्या पाट्या. दुकान आहे, पाटी बदललीय. काउंटर काचेचा झालाय आणि भिंतीवर कॅमेरे लटकतायत. पण मागची एक भिंत खणांची तशीच आहे, चिकटपट्ट्या पिवळ्या पडलेल्या. काउंटरवर पंचविशीतला मुलगा.

“काय पाहिजे सर?”

हे ‘सर’ जरा लागलं. “४०१७ आहे का? आणि ४७० ओहम दहा, पाव वॉट.”

“आता सगळे आर्डुइनोच नेतात,” असं म्हणत तो स्टुलावर चढला. आर्डुइनो म्हणजे संगणकावरून प्रोग्रॅम टाकायचा तयार बोर्ड. कॉलेजची पोरं येतात, मोबाइलवर फोटो दाखवतात, तो तयार मॉड्यूल काढून देतो. त्यात वाईट काही नाही. ४०१७ लागतो कुणाला? पाचव्या खणात सापडला. रेझिस्टन्स मोजताना त्याचे ओठ हलत होते, पण आवाज येत नव्हता. अण्णांबद्दल विचारलं. “आजोबा. जाऊन आठ वर्षं झाली.” मी पुडीची गोष्ट सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात मागून कुणीतरी कॅमेऱ्याचा अडॅप्टर मागितला आणि तो तिकडं वळला. मी स्कॅन करून पैसे दिले.

आयसी प्लास्टिकच्या पिशवीत मिळाला, स्पंज नाही. शर्टाच्या खिशात टाकला. स्टँडावर शेंगाचटणीचा पुडा घेतला, बार्शीची यष्टी लागलीच होती. खड्डा आला की आयसीचे पाय छातीला टोचायचे.

वैराग गेल्यावर चादर आठवली.