तुम्ही विचारलंत म्हणून: आधी सी४, की आधी घोडा?

शनिवारी संध्याकाळी नारायण पेठेतला आमचा बुद्धिबळाचा क्लास सुटला की जिन्यात कुणी ना कुणी थांबवतंच. कधी मुलाला न्यायला आलेली आई, कधी निवृत्तीनंतर पुन्हा पट मांडलेले काका. प्रश्न ठरलेला. "सर, डी४ खेळायचं नक्की केलंय. पण दुसरी चाल सी४ की घोडा एफ३? शेवटी पोझिशन तीच येते ना?" (डी४, सी४ ही पटावरच्या घरांची नावं: अक्षर उभ्या रांगेचं, आकडा आडव्या रांगेचा. नुसतं घर सांगितलं की तिथे प्यादं गेलं असं समजायचं.)

पुष्कळदा तीच येते, खरं आहे. पण जेव्हा येत नाही तेव्हा काय होतं, ते मला कॉलेजात असताना एका मंगल कार्यालयातल्या स्पर्धेत कळलं.

पांढरे मोहरे माझ्याकडे होते. डी४ डी५, सी४ ई६, आणि तिसऱ्या चालीला मी घोडा एफ३ वर काढला. विचार असा काही केलाच नव्हता. घोडा तिथेच जातो एवढं ठाऊक होतं. मग दोघांचे घोडे आले, समोरच्या काकांनी सी६ केलं, मी डी५ वर मारामारी केली, उंट जी५ ला नेला, त्यांनी आपला उंट ई७ ला आणला, मी ई३ केलं. काकांनी सावकाश चष्मा पुसला आणि सी८ चा उंट एफ५ वर आणून ठेवला. या ओपनिंगमध्ये (डावाच्या सुरुवातीच्या ठरलेल्या चाली; याचं नाव क्वीन्स गॅम्बिट डिक्लाइन्ड) काळ्याची सगळ्यात मोठी डोकेदुखी तोच उंट असतो. ई६ च्या प्याद्यामागे तो कोंडून पडतो. मी त्याला आयती वाट करून दिली होती. पुढे मला काही म्हणजे काही करता आलं नाही. हरलो.

डाव संपल्यावर काकांनी तीच पोझिशन पुन्हा लावली. माझा एफ३ चा घोडा उचलून जी१ वर ठेवला, त्या बदल्यात आपला ई७ चा उंट एफ८ वर परत नेला. "आता तुझा वजीर एफ३ ला आण," म्हणाले. आणला. एफ५ च्या उंटावर थेट हल्ला. तो जी६ ला पळतो, मी उंटाने एफ६ चा घोडा मारतो, वजिरांची अदलाबदल होते आणि काळ्याची दोन प्यादी एफ फाइलवर, म्हणजे एफच्या उभ्या रांगेत, एकामागे एक येऊन बसतात. काळा हरत नाही त्याने, पण सगळा डाव ती प्यादी सांभाळत बसतो. "एफ३ वर घोडा बसवलास, मग वजीर येणार कुठून?" एवढं बोलून ते चहाला गेले. मी तिथेच बसून राहिलो.

म्हणून ओपनिंग कुठलं, असं कुणी विचारलं की मी उलट विचारतो: जी१ चा घोडा कुठे पाठवायचाय? तो ई२ ला जाणार असेल, तर एफ३ आणि ई४ ही प्यादी पुढे रेटून मधला पट काबीज करता येतो. १९५२ च्या सोव्हिएत अजिंक्यपद स्पर्धेत बोत्विनिकने केरेसविरुद्ध नेमकं हेच केलं. तो डाव पटावर मांडून खेळून बघा. एफ३ चं प्यादं एक घर सरकतं तेव्हा काही घडलंय असं वाटत नाही, आणि थोड्याच वेळात काळ्याला श्वास घ्यायला जागा उरत नाही. पण हे हवं असेल तर सी४ आणि घोडा सी३ आधी, दुसरा घोडा घरीच.

याची किंमत मोजावी लागते. काळा डी५ न करता घोडा एफ६ आणि ई६ खेळतो आणि वाट बघतो. तुम्ही घोडा सी३ केलात की उंट बी४: हा निम्झो-इंडियन नावाचा काळ्याचा बचाव. ते टाळायला घोडा एफ३ केलात की तो शांतपणे डी५ करतो, आणि तुम्ही त्या मंगल कार्यालयातल्या माझ्या खुर्चीत येऊन बसता. माझं मत स्पष्ट आहे: निम्झोपासून पळू नका. चौथ्या चालीला ई३ करा आणि पुढे घोडा ई२. सी३ वर मारामारी झाली तर हाच घोडा परत मारतो, प्यादी दुहेरी होत नाहीत. पुन्हा तोच घोडा, तेच घर. एकाच अभ्यासात दोन ओपनिंग पदरात पडतात.

मग घोडा एफ३ आधी खेळणारे चुकतात का? अजिबात नाही. ई५ वर त्याचा पहारा बसतो, त्यामुळे काळा ज्यांत ई५ करून प्यादं देऊ करतो ते आल्बिन आणि बुडापेस्ट हे दोन्ही गॅम्बिट जागच्या जागी बंद होतात. आणि २०२४ साली सिंगापूरला जगज्जेतेपदाच्या लढतीत गुकेशने डिंगविरुद्ध तिसरा डाव जिंकला, तो दुसऱ्याच चालीला घोडा एफ३ काढून. प्यादी मारून घेतल्यावर त्याने सहाव्या चालीला वजीर सी२ ला ठेवला. का? काळ्याचा तोच उंट एफ५ ला सहज येऊ नये म्हणून. डिंगला आधी जी६ करावं लागलं, आणि उंट आल्यावर गुकेशने जी४ करून त्यालाच हुसकावलं. घोडा एफ३ ला असला तरी त्या उंटाचं काय करायचं हे त्याचं ठरलेलं होतं. माझं नव्हतं.

पालक आणखी विचारतात, इतकी थोडी ओपनिंग पुरतात का? १९२७ च्या जगज्जेतेपदाच्या लढतीत कॅपाब्लांका आणि अलेखाइन ३४ डाव खेळले, त्यातले ३२ क्वीन्स गॅम्बिट डिक्लाइन्ड होते. आठवीतल्या मुलाला एक वर्ष नक्कीच पुरेल.

क्लासमधली नववीतली एक मुलगी मात्र माझं ऐकत नाही. तिला निम्झो आवडत नाही, ती तिसऱ्या चालीला घोडा एफ३ च काढते. गेल्या शनिवारी तिला विचारलं, काळ्याचा उंट एफ५ ला आला तर? ती म्हणाली, "येऊच देत नाही ना सर, वजीर सी२." मी तिची वही घेतली आणि वर लिहून दिलं: हेच खेळत राहा.