वालाच्या शेतातलं जांभळं बटण

मागच्या डिसेंबरात मामाकडे गेलो होतो, रायगडात. भातकापणी होऊन गेलेली, खाचरं सुकून भेगाळलेली, काहींत उरल्यासुरल्या ओलीवर वाल टाकलेला. मी आपला मोबाईल बघत बांधावरून चाललोय, तेवढ्यात चपलेखाली काहीतरी चुरडलं आणि भपकन वास आला, म्हणजे घाण नाही पण सुगंध म्हणावा असाही नाही, जुन्या काढ्याच्या बाटलीचं बूच उघडल्यावर येईल ना, तसा. वाकून बघतो तर जांभळट गुलाबी गोल गोल बटणं. गोरखमुंडी!

खरं सांगू का, हे झाड (झाड कसलं, वीतभर, फार तर गुडघ्याच्या खाली) मी लहानपणापासून बघतोय आणि कित्येक वर्षं मला ते लाजाळूच्याच नात्यातलं वाटायचं, कारण तोही गुलाबी गोंडाच. पण लाजाळूचा गोंडा बोटाला मऊ लागतो, हे बटण टणक, आणि पानांना कितीही हात लावा, मिटणार नाहीत. ही बाई निघाली सूर्यफुलाच्या कुळातली. सूर्यफुलासारख्या कडेच्या पाकळ्या हिला नाहीतच, मग कोणाच्या लक्षात येणार?

आता खरी गंमत. सूर्यफूल म्हणजे एक फूल नसतं, शेकडो बारक्या फुलांचा गुच्छ असतो, त्याला स्तबक म्हणतात, हे शाळेत कधीतरी कानावरून गेलेलं असतं. गोरखमुंडीने यावर कडी केलीय. तिचं ते सेंटिमीटर-दीड सेंटिमीटरचं बटण म्हणजे एक स्तबक नाही, अनेक बारीक बारीक स्तबकं एकमेकांना खेटून झालेला गोळा आहे, आणि त्या प्रत्येक स्तबकात परत फुलं, मधे दोन-तीन द्विलिंगी आणि भोवती दोऱ्यासारखी मादी फुलं. मी खिशातली लेन्स काढली आणि तिथेच बांधावर बसलो, एक बटण नखाने उकलत गेलो, अर्ध्या तासात अर्धंसुद्धा झालं नाही, मोजणं तर कधीच सोडून दिलं होतं. स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने १७५३ साली हिला स्फेरँथस इंडिकस हे नाव दिलं, ग्रीकमध्ये स्फेरा म्हणजे गोल आणि अँथॉस म्हणजे फूल. सरळसोट नाव.

त्यापेक्षा आपली नावं भारी आहेत. मुंडी म्हणजे मुंडन केलेली, गुळगुळीत गोल डोक्याची. संस्कृत निघंटूंमध्ये, म्हणजे औषधी वनस्पतींच्या जुन्या कोशांमध्ये तर भिक्षु, तपोधना अशीही नावं आहेत, म्हणजे ते बटण बघून सगळ्यांना संन्याशाचं डोकंच आठवलं, आणि मराठीत वर गोरखही जोडला गेला. आणखी एक नाव श्रावणी, आणि फुलते मात्र थंडीत! आयुर्वेदात हिला बराच मान आहे, पण ते माझं क्षेत्र नाही, कशावर किती घ्यायची ते वैद्यांना विचारा, व्हॉट्सॲपला नको.

फूल नसताना ओळखायची असेल तर खोड बघा. पानाला देठच नाही, पानाचा खालचा भाग खोडावरून तसाच घसरत आलेला, त्यामुळे खोडाला उभी दातेरी झालर लावल्यासारखी दिसते. पान चोळलं की बोटं जराशी चिकट होतात आणि तोच तो वास. एकदा नाकात बसला की मग डोळे मिटूनसुद्धा ओळखाल.

मी बांधावर मांडी घालून बसलेला बघून मामी लांबूनच ओरडली, "काय सापडलं रे? पैसे पडले का?" म्हटलं, "मामी, गोरखमुंडी बघतोय." जवळ आली, बघितलं आणि म्हणाली, "हे? अरे तण आहे ते. बसलाच आहेस तर उपटून टाक जरा, वालात शिरतंय."

चार उपटली मी. एक वहीत दाबून ठेवली, रंग उडाला तिचा, पण परवा वही उघडली तर वास अजून तसाच.