तुम्ही विचारलंत म्हणून: चांगलं हॉस्पिटल कोणतं?

आरोग्यसेवेच्या दर्जावर पीएचडी केलीय म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला: ‘मग सांगा, सगळ्यात चांगलं हॉस्पिटल कोणतं?’ मी घुटमळते. ‘मग एवढी वर्षं केलंत काय?’

सांगते. तुम्हाला हवा असतो मृत्युदर. समजा, ‘अ’मध्ये हजारातले 28 रुग्ण दगावले आणि ‘ब’मध्ये 65. तुम्ही डोळे मिटून ‘अ’ गाठाल. आता फोड करा. ‘अ’मध्ये साधे रुग्ण 800, त्यातले 8 गेले; गंभीर 200, त्यातले 20 गेले. ‘ब’मध्ये साधे 200, गेला 1, गंभीर 800, गेले 64. साध्यांत 1 टक्क्यासमोर अर्धा, गंभीरांत 10 समोर 8. दोन्हीकडे ‘ब’च सरस; फक्त त्याच्याकडे गंभीर रुग्ण जास्त. (1863 साली खुद्द फ्लॉरेन्स नाइटिंगेलच्या पुस्तकात लंडनच्या रुग्णालयांचा मृत्युदर 90 टक्क्यांच्या वर छापला गेला होता. वर्षभरातले मृत्यू भागिले एका दिवशी खाटांवर असलेले रुग्ण! छेद चुकला की असं होतं.)

म्हणून जोखीम हिशोबात धरावी लागते. वय, भरती तातडीची की ठरवून, सोबतचे आजार (1987ची चार्लसन यादी किंवा 1998ची एलिक्सहाउजर) यांवरून प्रत्येक रुग्णाच्या मृत्यूची शक्यता काढायची. त्यांची बेरीज म्हणजे अपेक्षित मृत्यू. प्रत्यक्ष भागिले अपेक्षित. 1च्या वर गेलं की शंका घ्यायची. प्रबंधाच्या आराखड्यात मी हे सगळं एका परिच्छेदात उरकलं होतं. कसला आत्मविश्वास होता!

ही शक्यता काढणारं मॉडेल चालवलं आणि उच्च रक्तदाबाचा गुणक (त्याने मृत्यूची शक्यता किती वाढते ते सांगणारा आकडा) उणे आला. म्हणजे रक्तदाब असलेले रुग्ण कमी मरतात? कोड तपासला, चूक नव्हती. चूक केसपेपरात होती, आणि तिलाही चूक कसं म्हणायचं? तीन दिवसांत बरा होऊन घरी गेलेल्याच्या कागदावर लिहायला दुसरं काही नसतं, म्हणून रक्तदाब नोंदला जातो. आयसीयूत गेलेल्याचे रकाने सेप्सिस (संसर्गाने अवयव निकामी होऊ लागणं), निकामी किडनी, व्हेंटिलेटर यांनीच भरतात. जुना रक्तदाब तिथे कोण लिहीत बसणार? मॉडेलच्या लेखी रक्तदाबाची नोंद म्हणजे ‘हा फार आजारी नव्हता’.

खरी ठेच पुढे. तो सेप्सिस रुग्ण घेऊन आला की हॉस्पिटलने दिला? समजा, हजार रुग्णांत अपेक्षित मृत्यू 50, प्रत्यक्ष 60. गुणोत्तर 1.2. आता भरतीनंतर झालेला सेप्सिसही ‘आधीचा आजार’ म्हणून धरा. अपेक्षित मृत्यू 62 झाले तर गुणोत्तर 0.97 वर येतं. हॉस्पिटलने स्वतः केलेला बिघाड त्याच्याच खात्यात जमा! ‘दाखल होतानाच होतं का’ असा रकाना यासाठीच असतो. पण तो भरतं कोण? हॉस्पिटलच. जे प्रामाणिकपणे भरतं तेच वाईट दिसतं.

बरं, सगळं नीट भरलं, 1.2च खरं निघालं. 60 मृत्यूंवरून काढलेला 95 टक्क्यांचा पल्ला (योगायोगाची सूट धरून खरं गुणोत्तर जिथे असू शकतं तो) येतो 0.92 ते 1.54. 1 त्यातच बसतो. हॉस्पिटल वाईट आहे असंही म्हणता येत नाही, चांगलं आहे असंही नाही. शिवाय फक्त हॉस्पिटलमधले मृत्यू मोजलेत तर अत्यवस्थ रुग्णाला लवकर डिस्चार्ज देणारं हॉस्पिटल जिंकतं. 30 दिवसांचे मोजायचे तर मृत्युनोंदणीशी जोडणी हवी.

तेव्हाची मी म्हणाले असते, मग परिणाम सोडा, प्रक्रिया मोजा. आरोग्यसेवेच्या दर्जाचा अभ्यासक डोनाबेडियन याने 1966मध्येच रचना, प्रक्रिया, परिणाम अशी विभागणी करून ठेवलीय. चीर देण्याआधी तासाभरात अँटिबायोटिक दिलं का, हो की नाही. जोखमीची भानगडच नको. मलाही ते पटतं, अजूनही. फक्त ती ‘हो’ची खूण घड्याळ बघून केली, की ऑपरेशन संपल्यावर सगळ्या रकान्यांत एकदमच, हे डेटात दिसत नाही.