यंत्रमाग गेला, डफही गेला

मार्च 2020मध्ये आमच्या संग्रहालयाला कुलूप लागलं, तेव्हा व्याख्यानमालेच्या पत्रिका छापून आल्या होत्या. सोलापुरातलं हे छोटंसं साहित्य संग्रहालय. काही हस्तलिखितं, जुन्या आवृत्त्या, कुणाचा चष्मा, कुणाची दौत. महिन्यातून एक व्याख्यान, मग चहा, आणि खरी चर्चा चहावरच. अध्यक्ष सर म्हणाले, “थांबू महिनाभर.” जुलैत शहर पुन्हा दहा दिवस कडकडीत बंद झालं, तेव्हा मात्र सरांचाच फोन आला, “ते झूम का काय ते बघा हो जरा.”

बघितलं. फुकटच्या झूमवर 40 मिनिटं झाली की बैठक आपोआप बंद होते. आमच्याकडे प्रास्ताविक, परिचय आणि मनोगतातच तेवढी सरतात. म्हणून महिन्याचे पैसे भरले. त्यात आणखी एक सोय मिळाली, झूमवरचं बोलणं थेट यूट्यूबवर दाखवता येतं. आमचे निम्म्याहून अधिक श्रोते सत्तरी ओलांडलेले. ॲप उतरवा, नाव टाका, माईक बंद ठेवा, हे त्यांच्या गळी उतरवण्यापेक्षा व्हॉट्सॲपवर एक लिंक पाठवणं सोपं. तिच्यावर बोट ठेवलं की व्याख्यान सुरू. झूमवर फक्त वक्ते, मी आणि तांत्रिक बाजू सांभाळणारा आमचा एक विद्यार्थी. कुणी हे करणार असेल तर एक सांगते: यूट्यूबवर नवीन चॅनलला थेट प्रक्षेपणाची परवानगी मिळायला 24 तास लागू शकतात. चॅनल व्याख्यानाच्या सकाळी उघडू नका.

चित्राची काळजी आम्ही फार केली आणि ती वाया गेली. तोंड थोडं अंधारात असलं तरी लोक ऐकतात. आवाज फाटला की पाच मिनिटांत उठून जातात. सुरुवातीचे एक वक्ते पूर्व भागात राहणारे, घराच्या मागच्या भिंतीला लागून यंत्रमाग. टाळेबंदी सैल झाली होती, माग पुन्हा सुरू झाले होते. मी धास्तावले होते, पण खडखडाट श्रोत्यांपर्यंत पोचलाच नाही. माणसाचा आवाज ठेवायचा आणि मागचा गोंगाट गाळायचा, हे झूम स्वतःच करतं. आम्ही खूश.

पुढच्या व्याख्यानाचा विषय होता राम जोशी. पेशवाईच्या उत्तरार्धातले हे शाहीर मूळ सोलापूरचे, त्यामुळे इथे त्यांच्यावर बोलणाऱ्याला चुकीची एक मात्राही माफ होत नाही. वक्ते स्वतः गाणारे. सोबत डफ घेऊन बसले होते. तालीम घेतली तर शब्द स्पष्ट, आणि डफ गायब! थाप पडताना हात दिसतोय, आवाज नाही. अधूनमधून एखादी थाप बाहेर यायची, तीही बादली वाजवल्यासारखी. वक्ते म्हणाले, “का बे, तुमच्या मशीनला लावणी चालत नाही काय?” ज्या गाळणीनं यंत्रमाग अडवला होता, तिनंच डफाला गोंगाट ठरवलं होतं. शेवटी आमच्या विद्यार्थ्याला सेटिंगमध्ये ‘ओरिजिनल साउंड’ सापडलं. ते चालू केलं की झूम आवाजात ढवळाढवळ करत नाही. मग अर्थात पंखाही ऐकू येऊ लागला. पंखा बंद केला. सोलापूरच्या उकाड्यात बंद खोलीत, बिनपंख्याचे, घाम पुसत ते तासभर गायले आणि बोलले. माझ्या मते आमच्या मालेतलं ते सगळ्यात चांगलं व्याख्यान.

प्रश्नोत्तरांचं मात्र विचित्र व्हायचं. यूट्यूबवर बोलणं काही सेकंद उशिरा पोचतं. वक्ते विचारतात, “काही शंका?” समोर शांतता. ते आभार मानून मोकळे होतात आणि तेव्हा प्रश्न येऊ लागतात. म्हणून व्याख्यान संपल्यावर मी मुद्दाम एखादा लांबलचक प्रश्न विचारू लागले, तेवढ्यात बाकीचे यायचे. ज्यांना मोबाइलवर टाइप करणं जमत नाही ते मला फोन करायचे, मी फोन स्पीकरवर टाकून माईकजवळ धरायची. एका निवृत्त गुरुजींनी तर प्रश्नाच्या नावाखाली स्वतःचंच छोटं व्याख्यान दिलं. सभागृहातही ते हेच करायचे, त्यामुळे सगळ्यांना बरं वाटलं.

कवी संजीवांवरच्या कार्यक्रमाआधी वेगळाच पेच उभा राहिला. सभागृहात कविता वाचली की ती हवेत विरते, रेकॉर्डिंग कायमचं राहतं. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षं स्वामित्वहक्क असतो. राम जोशींची चिंता नाही, पण संजीव 1995मध्ये गेले. विवेचनाच्या ओघात चार ओळी उद्धृत करणं वेगळं, आणि सबंध कविता एकापाठोपाठ वाचून यूट्यूबवर ठेवणं वेगळं. “आपल्या गावचा कवी, कोण विचारणार?” असं समितीत एकजण म्हणाले. आपल्या गावचा आहे म्हणूनच विचारायला हवं, असं माझं म्हणणं पडलं. रीतसर लेखी परवानगी येईपर्यंत ते रेकॉर्डिंग आम्ही खुलं केलं नाही.

हस्तलिखितं दाखवताना उलट फायदा झाला. सभागृहात काचेच्या पेटीभोवती गर्दी व्हायची, मागच्यांना काही दिसायचं नाही. आता पुस्तकांच्या दोन चळतींवर लाकडी पट्टी टाकून तिच्यावर मोबाइल पालथा ठेवतो, खाली पान. खोडलेला शब्द, समासातली बारीक दुरुस्ती, शाईचा डाग, सगळं पुण्यात किंवा हैदराबादेत बसलेल्या सोलापूरकरालाही दिसतं. फ्लॅश मात्र कटाक्षानं बंद, जुनी शाई आणि कागद उजेडानं विटतात.

सभागृह उघडल्यावर ऑनलाइन बंद करा असं काहींचं मत होतं. गाव सोडलेल्यांचे इतके फोन आले की ते मागे पडलं. आता दोन्ही चालतं. भांडण उरलंय ते ट्रायपॉडचं. तो पहिल्या रांगेत मधोमध लागतो, आणि ती जागा वर्षानुवर्षं गुरुजींची. सध्या ते ट्रायपॉडच्या पुढे खुर्ची टाकून बसतात, त्यामुळे पुण्या-मुंबईच्या श्रोत्यांना वक्त्याच्या आधी गुरुजींची टोपी दिसते. पुढच्या बैठकीत विषय घेतलाय.