काडीमोड झाल्याशिवाय विकता येत नाही

मिशिगनमध्ये गाडी विकली तरी नंबर प्लेट विकणाऱ्याकडेच राहते. त्यामुळे शनिवारी आमच्या नोव्ही गावच्या थंडीत, बोटं बधिर होईपर्यंत स्क्रू पिळत मी ती काढली आणि मोठा तीर मारल्यासारखा आत येऊन चहा प्यायलो. गाडीच्या डोक्यात काय ठेवून पाठवलंय, याचा मात्र पत्ता नव्हता.

गाडी 2017 ची सुबारू डब्ल्यूआरएक्स. दोन लिटरचं टर्बो इंजिन, 268 हॉर्सपॉवर, सहा गिअर. मागे बाळाची सीट बसवून पाहिली, तर पुढे बसणाऱ्याचे गुडघे डॅशबोर्डला टेकले. बायको काही बोलली नाही. म्हणजे विषय संपला.

त्या गाडीसाठी मी हौसेनं कॉब कंपनीचा अ‍ॅक्सेसपोर्ट घेतला होता. मुठीत मावणारा, छोट्या स्क्रीनचा डबा. स्टिअरिंगखाली ओबीडीचं, म्हणजे गाडीतले बिघाड तपासायचं सॉकेट असतं (1996 पासून इथल्या प्रत्येक नव्या कारला आहे), त्यात वायर खोचली की हा डबा ईसीयूमधला, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरमधला प्रोग्राम बदलतो. पेट्रोल किती सोडायचं, ठिणगी कधी टाकायची, टर्बोचा दाब किती ठेवायचा, सगळं. नंतर डबा काढून कपाटात ठेवला तरी गाडी नव्या प्रोग्रामवरच पळते.

गोम अशी की डबा त्या एकाच गाडीला बांधला जातो. नाहीतर एकानं विकत घ्यायचा आणि अख्ख्या मित्रमंडळानं गाड्या ट्यून करून घ्यायच्या! इथली पोरं याला सरळ 'मॅरीड' म्हणतात. विकायचा असेल तर त्याच गाडीला जोडून मूळ प्रोग्राम परत टाकायचा, तेव्हा तो 'अनमॅरीड' होतो. काडीमोडच ती. मॅरीड डब्याला शहाणं गिऱ्हाईक हात लावत नाही.

रविवारी रात्री जाहिरातीत टाकायला डबा लॅपटॉपला जोडला. स्क्रीनवर लिहिलेलं: इन्स्टॉल्ड. पोटात गोळाच आला. एअर फिल्टरचा मूळ खोका आठवणीनं परत बसवला होता, आणि हे विसरलो होतो.

पैशांचं सोडा, गाडीत 93 ऑक्टेनचा मॅप, म्हणजे त्या पेट्रोलसाठीचा प्रोग्राम होता. (इथला आकडा वेगळ्या पद्धतीनं काढतात, पंपावरचा 87 म्हणजे साधारण आपल्याकडचा 91, तेव्हा पाटी वाचून नाक मुरडू नका.) 93 साठी बेतलेल्या ट्यूनवर नव्या मालकानं सवयीनं 87 भरलं असतं, तर पेट्रोल अवेळी पेटून इंजिन ठोके द्यायला लागलं असतं. रात्री दहाला लान्सिंगला, गाडी घेतलेल्या गृहस्थांना फोन केला. गृहस्थ शांतपणे म्हणाले, टाकी तूच भरून दिलीस ना, मग मी कशाला पंपावर जाऊ?

सोमवारी ऑफिस सुटल्यावर आय-96 नं तासाभरात लान्सिंग गाठलं. बरोबर बॅटरी चार्जर आणि ओशाळेपणावर उतारा म्हणून बेसनाचे लाडू. प्रोग्राम लिहिताना मध्येच बॅटरी बसली तर ईसीयू कामातून जाऊ शकतो, आणि मिशिगनच्या थंडीत बॅटरीचा भरवसा धरू नये. चार्जर लावला, इंजिन बंद, इग्निशन चालू, अनइन्स्टॉल. डॅशबोर्डवरचे दिवे वेड्यासारखे लुकलुकायला लागले. गृहस्थ टॉर्च घेऊन दारात वाकलेले. स्क्रीनवरची पट्टी मुंगीच्या पावलांनी सरकत होती आणि मी श्वास रोखून वायरकडे बघत होतो; गुडघा लागून ती निसटली असती तर त्यांना काय तोंड दाखवलं असतं? पट्टी भरली. इग्निशन बंद करून पुन्हा चालू केली, गाडी सुरू झाली. गृहस्थांनी तोवर दुसरा लाडू संपवला होता.

जाहिरातीत 'अनमॅरीड' हा शब्द सगळ्यात आधी टाकला, 400 डॉलर सांगितले. 'माझ्या गाडीचा धूर कमी करणारा कन्व्हर्टर काढलाय, त्यासाठीचा मॅप देशील का?' असं एकानं विचारलं, त्याला उत्तरच दिलं नाही. क्लीन एअर अ‍ॅक्टच्या, म्हणजे इथल्या हवा-प्रदूषणाच्या कायद्याच्या वाटेला कोण जाणार!

शेवटी इप्सिलांटीचा एक पोरगा भेटला. आमच्या गावच्या पोलीस स्टेशनच्या पार्किंगमध्ये ठरवलं. अनोळखी माणसांनी असले व्यवहार करायला तीच जागा बरी. त्यानं बॉनेटवर लॅपटॉप ठेवला, डबा जोडला, 'नॉट इन्स्टॉल्ड' दोनदा वाचलं, सिरियल नंबर जाहिरातीतल्या फोटोशी ताडून पाहिला. मग खोक्यात हात घालून चाचपत राहिला. काचेला चिकटवायचा स्टँड कुठाय?

लान्सिंगला. काचेवरच.

20 डॉलर कमी केले.