खड्डा मोजा, मग तक्रार करा
नुसता ‘रस्ता खराब आहे’ म्हणून भागत नाही. खड्ड्यावर सरळ काठी आडवी ठेवा, काठीच्या खालच्या कडेपासून तळापर्यंत खोली मोजा. लांबी-रुंदीही टिपा. एक फोटो टेप दिसेल असा जवळून, दुसरा विजेच्या खांबाचा क्रमांक येईल असा लांबून. हे करताना वाहनांकडे पाठ नको, सोबत एक जण हवाच.

दुरुस्तीवरही डोळा ठेवा. कडा सरळ उभ्या कापल्या का? आतलं पाणी, माती काढली का? तळाला आणि कडांना डांबराचा पातळ हात दिला का? हे न करता ओल्या खड्ड्यात खडी ओतली, की जुन्या थराला नवा चिकटतच नाही. चाकांखाली खडी सुटते आणि दुचाकी घसरते. पाणी तुंबत असेल तर गटाराचं तोंडही तक्रारीत लिहा, खरं दुखणं बहुतेकदा तिथंच असतं.